दोनदा लोटलेलं दार

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजची सत्कारमूर्ती, म्हणजे माझी धाकटी बहीण, आणि रसिक श्रोतेहो,

मी गॅरेजवाला माणूस. इंजिनचा बिघाड आवाजावरून सांगेन, गाण्यातलं मला फारसं कळत नाही. निवेदकांनी मघाशी ‘बहिणीला घडवणारा भाऊ’ अशी माझी ओळख करून दिली, तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो. तो विनय नव्हता.

प्रमुख पाहुण्यांनी तिच्या गिटारवादनाची छान उकल केली. दोन सुरांमधली ती मोकळी जागा म्हणजे म्हणे तिचं चिंतन. साहेब, राग मानू नका, पण चिंतन वगैरे काही नाही. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत. उरलेल्या बोटांनी तारा छेडायच्या तर मध्ये वेळ जाणारच.

ती गाणी स्वतः लिहिते, चालही स्वतःच लावते, कुठल्या रेकॉर्ड कंपनीच्या दारात जात नाही. ‘दोष वाऱ्याचा नाही गं, बोटंच मध्ये होती’ हे तर तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. मला त्या ओळीबद्दल बोलायचंय.

मी एकोणीस वर्षांचा होतो, ती चौदाची. बाबांनी गॅरेजमध्ये गिऱ्हाइकांसमोर मला फॅनबेल्टने फोडून काढलं. हे नेहमीचंच होतं. पाठ सोलवटली, शर्ट रक्तानं चिकटला, पण मी हूं की चूं केलं नाही. घरी आलो, तर ही दाराच्या चौकटीला हात टेकून गुणगुणत होती. तिचं पहिलं गाणं, मार खाऊनही न रडणाऱ्या भावाचं. मायेनंच रचलं होतं हो. मला मात्र वाटलं, आता सगळ्या गल्लीत शोभा होणार. मी दार लोटलं. हाड मोडल्याचा आवाज ऐकला. आणि पुन्हा लोटलं.

वारा दार एकदा आपटतो, मंडळी. दुसऱ्यांदा आपटायला माणूस लागतो.

डॉक्टरांना तिनं वारा सांगितला, आईला वारा, मग गाण्यातून तुम्हालाही. पंचवीस वर्षं मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावली. परवा तिचा फोन आला. म्हणाली, “दादा, या वेळी तू बोल. वाऱ्याचं नाव घेऊन घेऊन मी कंटाळलेय.”

बोललो. संयोजकांनी बोलावलं, आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. कृपा करून टाळ्या मात्र वाजवू नका. मी तिची माफी मागतोय, आणि टाळ्या पडल्या की तिला ती द्यावी लागेल.