बाळंतिणीची तहान

सन्माननीय अध्यक्ष रघुपतीराव, व्यासपीठावरचे मान्यवर, सत्कारमूर्ती ठकुबाई अक्का, आणि बसवनगुडी-जयनगरातून मुलाबाळांसह आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

आज अक्कांची पंचाहत्तरी. आपल्या निम्म्या घरांतली बाळंतपणं त्यांच्या देखरेखीखाली झाली. माझ्या दोन्ही मुलींना त्यांनीच न्हाऊ घातलं. कॉन्व्हेंटात शिकलेल्या मला अंगाई येत नव्हती, तीही त्यांनीच शिकवली. त्यांच्या हाताचा तो वेखंडाचा वास! आठवला की आजही डोळे भरून येतात.

त्यांचे नातू गुंडूराव तिसऱ्या रांगेत बसलेत. परवाच त्यांना मुलगा झाला. अभिनंदन, गुंडूराव! काल मी बाळ पाहायला जयनगरला गेले. तुमची पुष्पावती मला काय म्हणाली, सांगू?

"ताई, स्वल्प पाणी. ओठ तरी ओले करा."

पोरीच्या अंगात ताप. खोलीबाहेर नळाखालची बादली भरून वाहत होती. मी तांब्या उचलला, तर तो माझ्या हातातून काढून घेतला गेला. बाळंतिणीला पाणी द्यायचं नसतं! डॉक्टरांनी भरपूर पाणी द्या म्हणून बजावलं होतं. घरच्यांनी त्यांना "सरी, सरी", बरं बरं, म्हटलं आणि दार लावून घेतलं.

खोलीतच बसलेल्या अक्कांना मी विचारलं, "का द्यायचं नसतं, अक्का?"

"का म्हणजे? माझ्या सासूनं मला दिलं नाही. तिला तिच्या सासूनं दिलं नाही."

मग त्याच सांगू लागल्या, की त्यांच्या सासरच्या गावी एकच तळं होतं, त्यातच म्हशी डुंबायच्या. ते पाणी पिऊन बाळंतिणी दगावायच्या. अहो, मग बरोबरच होतं त्या सासूचं! पण जयनगरच्या नळात म्हशी डुंबतात का?

माझी पाठ वळली, तेव्हा पुष्पावतीनं बाळाचं ढुंगण पुसायचं ओलं फडकं तोंडात धरलं आणि चोखलं. मला शिसारी आली. फडक्याची नव्हे, दाराशी उभ्या असलेल्या बायकांची. त्या हसत होत्या! "त्यात काय मेलं? आम्हीपण चोखलंय!"

गेल्या उन्हाळ्यात आपल्यातल्या परसूची बाळंतीण बायको अशीच तापानं गेली. आपण तेराव्याला लाडू खाल्ले आणि म्हणालो, देवाची इच्छा. देवानं नळ बंद केला होता का हो?

अक्का, या सगळ्या बायका तुमचा शब्द झेलतात. शास्त्र सांगू नका, वाद नको. एवढंच म्हणा, "पोरीला पाणी द्या." मी थांबते.

...बरं. नका म्हणू.

गुंडूराव, उठा. खाली काय बघता? बायको तुमची आहे. सायकल काढा आणि पुढे व्हा, मी रिक्षानं मागोमाग येते. आज तांब्या माझ्या हातातून कोण घेतो, ते बघूच.

अध्यक्षमहाराज, बोलू दिलंत, आभारी आहे. मंगल प्रसंगी माझी जीभ कडू झाली, त्याबद्दल सर्वांनी क्षमा करावी. अक्कांना शाल मी पांघरवायची होती, ती कृपया दुसऱ्या कुणी पांघरवावी. मला जयनगर गाठायचं आहे.