दांड्यावरचा हात

नाही अण्णा, तिथं टेकू नका, शाई ओली आहे — सदऱ्याला लागली तर घासलेटनंसुद्धा जात नाही, माझ्या नखांकडे बघा ना. स्वल्प इकडं सरका. हां. तर सांगत काय होते — हा छापखाना साहेबाच्या काळातला वाटतो, पण मांडलाय आम्ही, गेल्या वर्षी, म्हणजे बासष्टात. यंत्र तेवढं खरं. ते मिशनच्या गोदामात गंजत पडलं होतं. बाकी कंदील, टाक-दौत, भिंतीवरची राणी — सगळं संग्रहालयानं आणून लावलेलं. मीही आणून लावलेलीच म्हणा, बी.ए. झालेली. तुम्ही मराठीत बोललात, बरं वाटलं. दिवसभर कन्नड नाहीतर इंग्रजी. मराठी फक्त घरात, आणि घरात मी हल्ली बोलतच नाही. ते जाऊ दे.

संग्रहालयाच्या समितीचे सेक्रेटरी म्हणाले होते, आज एक गृहस्थ येऊन बघून जातील. म्हणजे तुम्हीच. मग नीट बघा. नाव सांगा तुमचं — येईल त्याचं नाव मी छापून देते. गुरुराज — पुढं? मुधोळकर. बघा, इथंच तर गोची आहे. हे अक्षरांचे खिळे आले हिंदी पुस्तकं छापणाऱ्यांकडून, आणि हिंदीत ळ नाही. त्याचा खणच नाही. पहिली पाटी छापली तेव्हा लिहायचं होतं 'कंपनी सरकारचा काळ', उमटलं 'कंपनी सरकारचा काल' — जसा काही साहेब कालच सामान बांधून गेला. सेक्रेटरी म्हणाले, असू दे, वाचतंय कोण. मी वाचते ना. मग शिसवीच्या लाकडात ळ कोरला. पहिला सुलटाच कोरला, तो कागदावर तोंड फिरवून बसला. हा दुसरा. हा नसता तर तुम्ही मुधोलकर होऊन घरी गेला असता, आणि बायकोनं दारात उभं केलं नसतं.

आता बघा. रूळ फिरवला, कागद ठेवला, झाकण पाडलं, पाट आत सारला — आणि हा दांडा. दांडा हातानं ओढायचा नसतो अण्णा, पाय रोवून सगळं अंग मागं टाकायचं — असं. सोलून घ्या कागद, अलगद. मागून बोट फिरवा. लागतं ना अक्षर? स्वतःचं नाव हाताला लागतं, ते काय रोज होतं का? हे पुतळा करून दाखवील?

हो, पुतळा. तुम्हाला ठाऊकच असेल. समितीचं म्हणणं काय, साहेबाच्या काळात छापखान्यात बाई नव्हती, माझ्यामुळं देखावा खोटा पडतो. म्हणून माझ्या जागी पुतळा — पगडी, मिशा, दांड्यावर हात. मी म्हटलं, आणि तुमच्या डोक्यावरचा विजेचा पंखा, तो होता का त्या काळात? तर म्हणाले, मिस सुलभा, पुतळा वाद घालत नाही. सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू, रडले ते नंतर, हात धुताना. अण्णा, तुम्ही समितीत एक शब्द टाका. पगडी म्हणाले तर पगडी घालीन. मिशा लावीन. हसू नका, आरशासमोर लावून बघितल्यात. घरी यातलं काही माहीत नाही. वडील सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन, शब्दाचे पक्के — नोकरी आहे तोवर स्थळाचं नाव काढणार नाही म्हणाले. नोकरी सुटली की सोलापूर. तिथलं स्थळ थांबून आहे. मुलगा वाईट नाही म्हणे. त्याची आई बघून गेली, म्हणाली, मुलगी छान आहे, बोटं तेवढी काळी आहेत, लग्नानंतर उजळतील. मला नाही उजळायची. एवढंच सांगा त्यांना — नाही, हे नका सांगू, काम येतं एवढंच सांगा, काम येतं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंत — लिहून घेताय का? लिहा. पण टेप कशाला काढलात? दांड्याची उंची? जमिनीपासून? ती कशाला हवी समितीला?

तुम्ही समितीचे नाही.

मूर्तिकार. सरी, ठीक आहे. पुतळा तुम्ही करणार. मग मघापासून बोलला का नाहीत — नाही, मीच कुठं बोलू दिलं. तुमचा काय दोष, तुम्हाला काम मिळालंय. करा. कसा करणार हात? असा? नुसता टेकवलेला, म्हशीच्या पाठीवर टेकवावा तसा? लोक हसतील अण्णा. तुम्हाला नाही, यंत्राला. अंगठा खालून येतो, मनगट वाकतं, खांदा मागं जातो. धरून बघा. नाही, तसा नाही. तसाही नाही. सरका.

मी धरते. कोपरापासून घ्या माप, मनगट नंतर. आणि काही बोलू नका आता. हात हलतो माझा.