भूल न देता

आशालता: वकीलबाई, तक्रारीला माझ्या एकटीची सही नाही का भागणार? यांना कशाला मध्ये आणायचं?

क्लेमेंटीन: तक्रार तुम्ही करू शकता, आशाताई. पण विजेचे झटके तुमच्या नवऱ्याच्या डोक्याला दिलेत. अधिकारी चौकशीला बसले की त्यांनाच विचारणार. भूल दिली होती का, बटण कुणी दाबलं...

आशालता: कसली भूल! दोघांनी पाय दाबून धरले, एकाने तोंडात कापडाचा बोळा घातला. मी काचेतून बघत होते. दार बडवलं, तर आतून कडी.

क्लेमेंटीन: हेच लिहिते. भूल न देता झटके द्यायला कायद्याने बंदी आहे. आणि सातिवलीला गोडाऊनच्या माळ्यावर ‘मेंदू थेरपी’ची पाटी लावून बसलेला तो माणूस डॉक्टरसुद्धा नाही.

आशालता: पण हे स्वतःच्या पायांनी गेले होते ना. आमची रिद्धी डेंग्यूने गेली आणि यांची झोप उडाली, ऑफिस सुटलं. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, गोळ्यांना थोडा वेळ द्या. यांना धीर नव्हता. त्या माणसाला म्हणाले, पोरीचा शेवटचा दिवस माझ्या डोक्यातून काढून टाक.

क्लेमेंटीन: मागितलं म्हणून देता येत नाही. पेशंट हो म्हणाला तरी बंदी ती बंदीच.

आशालता: काढला ना पण त्याने! तो दिवसच नाही, सगळं वर्ष गेलं. आता हे पोटभर जेवतात, शीळ घालतात. रिद्धी पुण्याला हॉस्टेलवर आहे, असंच धरून चाललेत.

क्लेमेंटीन: तुम्ही सांगितलं नाहीत?

आशालता: सांगितलं की. ढसाढसा रडले. दुपारी झोपून उठले आणि विचारतात, रिद्धीचा फोन आला का गं? दुसऱ्या दिवशी परत तेच. मग माझी जीभच उचलेना. ‘आला’ म्हटलं.

क्लेमेंटीन: पुन्हा डॉक्टरांना दाखवलंत?

आशालता: दाखवलं. काही आठवेल, काही नाही, असं म्हणाल्या. पण खोटं बोलू नका, म्हणे. त्यांना काय जातंय? संध्याकाळी यांच्यासमोर मला बसायचंय.

क्लेमेंटीन: मग राहू दे तक्रार. मी जबरदस्ती करणार नाही. पण एक सांगते. आमच्या गिरीजमधलाच प्लासिड आपल्या मुलीला तिथे न्यायचं म्हणतोय. बाळंतपणानंतर ती कुणाशी बोलत नाही. तुमचे मिस्टर उमेळ्याला हसत-खेळत फिरताना दिसले म्हणे त्याला.

आशालता: यांना बघून?

क्लेमेंटीन: यांनाच बघून.

आशालता: म्हणजे मी गप्प बसले तर त्या पोरीचे हाल, आणि बोलले तर यांचे. कुठे जाऊ मी, बाई?

(जयवंत आत येतो.)

जयवंत: वकीलबाई, तुमच्या वाडीतली वेलची केळी एक नंबर हां! एक फणी नेतो. रिद्धी येईल ना दिवाळीला. काय गं आशा, झालं नाही अजून? एवढं काय लिहिताय?

क्लेमेंटीन: आशाताई, आज नको.

आशालता: नाही, आजच. अहो, बसा इथे. त्या माळ्यावर तुम्ही कशाला गेला होतात, आठवतंय?

जयवंत: झोप लागत नव्हती ना मला.

आशालता: का लागत नव्हती?

जयवंत: ...तू सांग.

आशालता: आपली रिद्धी गेली हो. गेल्या पावसाळ्यात. तापाने. तिचं डोकं तुमच्याच मांडीवर होतं. तिचा फोन आला असं मी म्हणत होते, ते खोटं होतं.

जयवंत: आपली रिद्धी?

आशालता: आपली.

क्लेमेंटीन: पाणी घ्या, जयवंतराव. जरा टेकून बसा.

जयवंत: नको. हे... हे उद्या माझ्या लक्षात राहील?

आशालता: काय सांगू? याआधी नाही राहिलं.

जयवंत: मग आत्ताच लिहून घ्या, वकीलबाई. दुखणार नाही म्हणाला होता तो. दुखलं. फार दुखलं. तेवढं आठवतंय मला.

क्लेमेंटीन: लिहिते. सावकाश सांगा.

जयवंत: सांगतो... आशा, म्हणजे इतके दिवस तू एकटीच रडत होतीस?