दीनानाथपंतांचा डाव आणि पुरणातलं जायफळ

आटपाट नगर कसलं घेऊन बसलात, भोर म्हणा भोर! त्या भोरात एक दीनानाथपंत ऱ्हात होते, त्यांची बायको सौदामिनी, लेक सरोज, आणि चौथा तो मेला बुद्धिबळाचा पट… व्हय, घरातलं माणूसच म्हणायचं त्याला, सगळ्यात ऐसपैस जागा त्याचीच! मी दूध घालायला जायची तवा रोज काय दिसायचं, तर पंत पटावर वाकलेले, आणि सौदामिनी भरली घागर कडेवर घेऊन पटाला वळसा घालून चाललेली. कचेरीतनं आले की हे खेळायला बसायचे न्हाईत हां, डाव रचायला बसायचे! म्हंजे सोंगट्या आपणच मांडायच्या आणि आपणच म्हणायचं, "आता पांढऱ्यानं खेळायचं. तिसऱ्या खेळीत प्याद्यानं मात. शोधा!" कोण शोधणार? घरात दुसरं रिकामं होतं कोण?

बरं, रचता तर नीट रचा! पण तुमास्नी सांगते, यांच्या पटावर ही गर्दी, जत्राच नुसती. आणि मात करायची वाट एकच हवी म्हणे, तर आपल्याच डावाला आपल्यालाच दुसरी वाट सापडायची. "अरेच्चा, हत्तीनंही मात होतेय की!" मग हत्तीला अडवायला प्यादं, प्याद्याला धरायला उंट, उंटानं तिसरंच भोक पाडलं म्हणून घोडा… ठिगळावर ठिगळ, ठिगळावर ठिगळ! मी म्हणते, पटावर जागा अडवायची, तर काम नको करायला?

लाकडी सोंगट्या तरी पुऱ्या होत्या का? निम्म्या हरवलेल्या. मग पंतांनी हात घातला सौदामिनीच्या डब्यात. सुपाऱ्या झाल्या प्यादी, हळकुंडं झाली उंट, खारका घोडे, आणि जायफळ… हत्ती! ती बिचारी म्हणायची, "अहो, आमटीला हळद नाही." तर हे, "दोन दिवस थांब, उंट अडकलाय!" अडकलाय म्हणे! माणसं पांढरीफटक आमटी ओरपतायत, आणि यांचा उंट अडकलाय!

ह्याच नादापायी सरोजची दोन स्थळं गेली. एका पाहुण्यानं पोह्यांची बशी पटावर टेकवली काय, आणि पंत त्याच्यावर खेकसले काय! मग आलं साताऱ्याचं स्थळ. पोरगा शिकलेला. सरोजनं खिडकीआडून पाह्यला, आणि त्या दिवसापासनं पोरीच्या हातनं रोज दूध उतू जायला लागलं… समजलं न्हवं? पण पोराचा बाप उपेंद्रपंत, तोही त्याच वाणाचा निघाला! बोलता बोलता आमच्या पंतांनी फुशारकी मारली, "मी डाव रचतो." तसा तो नाकातनं म्हणतो, "अस्सं? मुलगी पसंत आहे, पत्रिका जुळते. पण मला माणूस कळतो तो त्याच्या डावावरून. रविवारी जेवायला येतो, डाव मांडून ठेवा. मग शब्द देतो."

झालं! पोरीचं नशीब त्या जत्रेला टांगलं की हो! सौदामिनी हात जोडून म्हणाली, "अहो, काहीतरी सुटसुटीत मांडा." "सुटसुटीत? व्याही आहेत व्याही!" आणि आणखी दोन सुपाऱ्या चढल्या पटावर. कशाला? शोभेला! मी म्हणते, पटावर जागा अडवायची, तर काम नको करायला?

रविवारी पंत डाव मांडून मोटारीच्या थांब्यावर पाहुण्याला आणायला गेले. हिकडं सौदामिनी पुरणाला बसली, तर जायफळ कुठंय? पटावर! व्याह्याला बिनजायफळाचं पुरण वाढायचं का? उचलला हत्ती, किसला. हळद? उचलला उंट, कुटला, त्याच्यामागं दुसराही कुटला. विड्याच्या तबकाला प्यादी वेचली, खारका लावल्या. एक सुपारी तेवढी ऱ्हाऊ दिली, किडकी होती. सरोज किंचाळली, "आई, बाबांचा डाव!" "आधी पाहुण्याचं पोट, मग बाबांचा डाव!"

आणि आले की दोघं! पंतांनी पट पाह्यला आणि उंबऱ्यातच थबकले. लाकडी सोंगट्या चार-सहा, आणि ती किडकी सुपारी. पुन्हा मांडणार कधी? उपेंद्रपंत मांडी घालून बसलेसुद्धा! बसले ते बसलेच. पोळ्या गार व्हायला लागल्या. दारात मायलेकी एकमेकींचा हात घट्ट धरून. आता कुठं सौदामिनीच्या ध्यानात आलं, आपण हळद न्हाई, पोरीचं लग्नच कुटलं!

उपेंद्रपंत पुटपुटतायत, "शह द्यावा, तर राजा निसटतो… मारावं, तर वाट बुजते… हां! वजीरच मारायला पुढं ठेवायचा? फुकट? त्यानं घेतला की घोडा… आणि मग हे किडकं… मात! प्याद्यानं मात! व्वा!" मग गडी एकेक सोंगटी उचलून बघतोय. "ही काढली, राजा पळतो. ही काढली, दुसरी वाट फुटते. दीनानाथपंत, एकही मोहरा ऐतखाऊ नाही! पहिल्या खेळीला शह नाही, मारामारी नाही. वाट एकच, तीही डोळ्यांपुढं असून दिसत नाही. डाव असावा तर असा! नाहीतर लोक पटावर नुसता बाजार भरवतात." आणि आमच्या पंतांनी मान अशी डोलावली, जसा काय यांनी जन्मात बाजार पाह्यला न्हवता!

व्याह्यानं पहिल्या पोळीलाच शब्द दिला, "सरोज आमची." पाहुणा मोटारीत बसवून पंत माघारी आले ते छाती काढून. "बघितलंस? एकेक मोहरा विचार करून कमी केला!"

अवो, खरंच वाटत होतं त्यांना तसं! सौदामिनीनं तोंड उघडलं, लेकीकडं पाह्यलं, पोरगी पदराआड हसत होती… आणि म्हणाली, "हो हो, तुमच्यासारखं डोकं कुणाला आहे?"

वैशाखात लग्न झालं. सरोज सोन्यासारखी नांदली, नवरा असा की आपलं पान आपण उचलणारा. आणि पंत मरेस्तोवर साऱ्या भोराला तो डाव सांगत सुटले, आणि सौदामिनी मागनं मान डोलवायची. काय करता! जावई चांगला मिळाला, की सासूला नवऱ्याची अक्कलसुद्धा कबूल करावी लागते.