फ्रान्सिस सरांचं पार्टिशन

खोटं कशाला बोलू, मी आयुष्यात एकाच माणसावर मनापासून जळलो. बायकोच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणारे, गिरीजचे फ्रान्सिस सर. आमच्या जूचंद्रच्या घरात सारखं त्यांचंच नाव. त्यांनी आमच्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कचे दोन भाग केले. एकात माझं विंडोज राहिलं, दुसऱ्यात बायकोसाठी लिनक्स नावाची वेगळी सिस्टिम घातली. तिचा भाग मला विंडोजमधून उघडेचना.

"त्यात एवढं आहे तरी काय?" मी विचारलं.

"तुला नाही कळायचं. सरांनी शिकवलंय."

झालं! रविवारी ती बाजारात गेली आणि मी तो भाग, म्हणजे सरांचं पार्टिशन, डिलीट केलं. लॅपटॉप पुन्हा सुरू केला, तर काळ्या स्क्रीनवर नुसती एरर. विंडोज की लिनक्स, कुठलं सुरू करायचं ते विचारणारी यादी त्याच भागात होती, हे मला काय माहीत! माझं विंडोजही गेलं.

बायको आली आणि रडायलाच लागली. सहामाहीच्या प्रश्नपत्रिका त्यातच होत्या. तिने फोन केला, तासाभरात सर हजर, येताना वाडीतली केळी घेऊन. एक सीडी घालून त्यांनी दोन्ही भाग परत आणले.

"पण सर, हे झालं कसं?"

सरांनी चहाचा घोट घेत माझ्याकडे पाहिलं. "होतं कधीकधी, मॅडम. आपोआप."

मी त्यांना खाली सोडायला गेलो. वर आलो, तर बायको म्हणाली, "किती चांगला माणूस आहे ना?"

"आहे," मी म्हणालो. तीच तर पंचाईत होती.