विहिरीचं पाणी

आयर्लंडातल्या त्या जुन्या विहिरीवर बिशपांनी संत ब्रिगिडचा पुतळा बसवला आणि पाण्यासाठी रांग लागू लागली. पाणी न्यायला आलेल्या ऑर्लाच्या पुढे म्हातारी नोरीन आणि तिची नणंद पेग उभ्या होत्या.

“वहिनी, झाडाला चिंधी नका बांधू. ती जुन्या देवीची रीत.”

“आणि विहीर कुणाची होती, वन्सं?”

“देवीचीच. पण बिशपांनी पवित्र करून घेतली ना आता.”

“पाणी बदललं?”

“काहीतरीच! पाणी तेच.”

“माझी पोर जन्मली तेव्हा हेच पाणी उशाशी होतं. ती निळी पडायला लागली. मी म्हटलं, वन्सं, घाला डोक्यावर, द्या बाप्तिस्मा, अशा वेळी कुणीही दिलेला चालतो.”

“हळू बोला, लोक ऐकतायत.”

“ऐकू देत! तुम्ही म्हणालात, हे सैतानाचं पाणी, मी फादरना आणते. फादर येईतो पोर गेली. बाप्तिस्मा नाही, म्हणून दफनभूमीत जागा नाही. तुमच्या भावानं तिला कुंपणाबाहेर पुरलं.”

“तेव्हा मला काय ठाऊक, वहिनी?”

“सरका पुढे, पाळी आली तुमची. बाटली कशाला आणलीत?”

“रविवारी... नातीचा बाप्तिस्मा आहे.”