इंजिनाच्या तोंडात सापडलेले रबरी बूच

जबाब देणार तक्रारदाराची पत्नी, वय अठ्ठावन्न वर्षे, धंदा घरकाम. हे घरकाम हवालदारसाहेबांनी मला न विचारता लिहिले. मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते आणि तिथूनच निवृत्त झाले. दुरुस्ती करावी. राहणार तक्रारदाराच्याच घरी.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, माझे पती पाणीपुरवठा खात्यात गळती शोधण्याच्या विभागात साहेब होते. निवृत्त झाले तरी शोध चालू आहे. घरातले नळ त्यांनी इतके घट्ट केलेत की तोंड धुवायला पान्हा लागतो. खिडक्यांच्या फटी लांबीच्या लगद्याने बुजवल्या आहेत. घरातली गोष्ट बाहेर जाता कामा नये, हे त्यांचे नेहमीचे वाक्य. आज ते स्वतःच ती घेऊन ठाण्यात आले, याची नोंद घ्यावी.

ज्याच्यावर तक्रार आहे तो गॅरेजवाला माझा सख्खा धाकटा भाऊ. त्याने इंजिनात मुद्दाम बूच मारून गाडीची वाट लावली, असे पतींचे म्हणणे. भावाला सकाळपासून समोरच्या खोलीत बसवून ठेवले आहे आणि त्याचे गॅरेज बंद आहे. साक्षीदार म्हणून पतींनी माझे नाव दिले. तेही मला न विचारता.

पूर्वी ऑइल बदलायला आम्ही नेमाने भावाकडे जात असू. तो गाडीखाली पसरट डबा ठेवी, खालचा नट सोडवी, आणि तेल पुरते निथळेपर्यंत आम्ही बहीणभाऊ चहा घेत बोलत बसू. पती डब्याजवळ उभे राहत. पुढे त्यांनी ठरवले की ऑइल बदलणे म्हणजे चांगले तेल डोळ्यांदेखत वाहू देणे. काळे झाले तरी तेल ते तेलच. मग कमी पडेल तसे ते घरीच वरून ओतू लागले. माझे भावाकडे जाणे तेव्हा बंद झाले. खिडक्या बुजवल्याचे मला फारसे वाटले नव्हते, याचे मात्र फार वाटले.

गेल्या रविवारी पतींनी बॉनेट उघडले. मी कपडे वाळत घालत होते. इंजिनावरून एक नळी हवेच्या फिल्टरकडे जाते, तिच्यात त्यांच्या बोटाला तेलकट ओल लागली. त्यांचा चेहरा खुलला.

"अगं, सापडली. गळती सापडली. तुझ्या भावाला एवढ्या वर्षांत दिसली नाही."

"अहो, त्यानं सांगितलं होतं ना, इंजिनाच्या पोटातली वाफ आणि धूर त्या नळीतून बाहेर निघतो. थोडं तेल लागायचंच तिला."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

बंद नळी तापवायची नसते, हे मी नोकरीभर मुलांना सांगत आले. त्या दिवशी मात्र उरलेले कपडे वाळत घालत राहिले. पतींनी नळी काढली, इंजिनाच्या त्या तोंडात बूच दाबून बसवले आणि वरून लांबी थापली.

दुसऱ्या दिवशी चढावर ऑइल मोजायची पट्टी आपोआप वर आली, मग सील फुटले आणि इतकी वर्षे जपलेले काळे तेल सगळे रस्त्यावर आले. पती खाली बसून ते रुमालाने अडवत होते. गाडी ओढून न्यायला भावालाच बोलवावे लागले. त्याने गॅरेजात लांबी खरवडून बूच बाहेर काढले.

तो म्हणाला, "भाऊजी, कुकरची शिटी कुणी बांधून ठेवतं का?"

पती म्हणाले, "हे तूच आत्ता घातलंस."

भाऊ हसला. तक्रार बुचाची नसून त्या हसण्याची आहे, असे माझे मत आहे. जबाबात मत लिहीत नाहीत, असे हवालदारसाहेब म्हणाले. तरी लिहावे.

इथे पती दारातून, "ती भावाच्या बाजूनं बोलतेय," असे म्हणाले. त्यांना बाहेर बाकावर बसवण्यात आले.

टेबलावर ठेवलेले रबरी बूच मला दाखवण्यात आले. ते मी ओळखते. ते माझे आहे. निवृत्त होताना प्रयोगशाळेतून आठवण म्हणून आणले होते, बुडाशी मीच शाईने घातलेली फुली आहे. ते माझ्या कपाटात असे. भाऊ आमच्या घरी कित्येक वर्षांत आलेला नाही, त्याला येऊ दिलेले नाही. कपाट उघडणारे आम्ही दोघेच, आणि मी ते घेतलेले नाही. भावाला सोडावे.

गाडीत आता नवे ऑइल भरावे लागेल आणि पुढे वेळच्या वेळी बदलावेही लागेल. ते भावाकडेच बदलायचे आणि दर वेळी तेल निथळेपर्यंत मी तिथे बसणार. पतींनी यायचे की नाही, ते त्यांनी ठरवावे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या सांगण्यावरून दार उघडे ठेवले होते, त्यामुळे बाकावरच्या पतींनीही तो पूर्ण ऐकला. मी सांगितले तसाच लिहिला आहे, बरोबर आहे. फक्त 'घरकाम' अजून खोडलेले नाही. ते खोडले की सही करते.